गठ्ठ्याच्या मधलं विज्ञान

मु. पो. बाभुळगाव,
जि. यवतमाळ
मे २००५, दुपार (पंखा बंद, लाइन गेलेली)

आदरणीय मारोतराव गुरुजी, आमचे वणीकर इवाई (म्हणजे व्याही) यांस,

डोमाजीचा सप्रेम जय भीम.

इकडे आम्ही सगळे उन्हात भाजत असलो तरी धडधाकट आहोत आणि तुमच्या गुडघ्यांची काळजी करतो. (तुमची लेक, म्हणजे आमची सून विजयमाला, रोज करते. मी आठवड्यातून एकदा करतो, कारण गुडघे मलाही आहेत.) आमच्या विहीणबाई वारल्यापासून तुम्ही स्वतःच स्वयंपाक करता आणि वरणात मीठ दोनदा टाकता, असं कानावर आलं. इतक्या शिस्तीच्या माणसाच्या हातून असं व्हावं याचा मला आनंद झाला, हे इथे कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे तुम्हाला माझा राग कमी येईल. तुमची विहीण रुखमाबाई हिनं तुमच्या नावानं कैरीच्या लोणच्याची एक बरणी बांधून ठेवली आहे आणि तिला हात लावायला गेलं की माझ्याच हातावर चापट मारते.

तुमच्या मागच्या पत्रात फक्त एक ओळ होती. 'उर्वशीच्या परीक्षेचे काय झाले ते क्रमवार कळवावे.' त्यात 'क्रमवार' या शब्दाखाली दोन रेघा. गुरुजी, तुम्ही चाळीसेक वर्षं पोरांना विज्ञान शिकवलं, तेव्हा पहिल्यानंतर दुसरं येतं हे तुम्हाला पटून गेलं आहे. माझं आयुष्य वेगळं गेलं. तरी तुमच्या मानासाठी मी सुरुवातीपासून सुरुवात करतो आणि जमेल तितकं सरळ चालतो.

गेल्या वर्षी शाळा उघडायच्या आठवड्यात आपली नात उर्वशी जांभळाच्या झाडावर चढली. जांभळाची फांदी वजन घेत नाही हे गावातल्या शेळीलाही ठाऊक आहे. मांडीचं हाड मोडलं, यवतमाळच्या इस्पितळात पाय टांगला गेला, मग प्लास्टर, मग कुबड्या, आणि सहावीचं अख्खं वर्ष घरात. तुम्ही तेव्हा लगेच कळवलं की पोरीला वणीला धाडा, मी घरी शिकवतो. मी कळवलं की अजिबात नाही. (राजदीप आणि विजयमाला दोघंही मध्ये बोलले नाहीत. एकाचा बाप, दुसरीचा बाप, बोलणार काय?) शेवटी जो तह झाला तो मला तोंडपाठ आहे : पोरगी इथेच राहील, मराठी आणि गणित विजयमाला पाहील, विज्ञान मी पाहीन. उन्हाळ्यात मुख्याध्यापिकाबाई तोंडी परीक्षा घेतील. पास झाली तर मैत्रिणींबरोबर सातवीत आणि आमच्याच घरात. नापास झाली तर पुन्हा सहावी, आणि तीही वणीला, तुमच्या देखरेखीखाली.

'कापसाचा ग्रेडर विज्ञान काय शिकवणार?' असं तुम्ही तेव्हा विजयमालेला म्हणालात, हे मला कळलेलं आहे. म्हणून आधी माझ्या विज्ञानाबद्दल थोडं सांगतो. खरेदी केंद्रावर कापसाची गाडी येते तेव्हा वरचा थर पांढराशुभ्र असतो. तो तसा ठेवलेलाच असतो. त्या थरावर हात फिरवून भाव सांगणारा ग्रेडर फार दिवस टिकत नाही. खरा ग्रेडर कोपरापर्यंत हात आत घालतो, मधून मूठभर कापूस ओढतो, बोटांत धागा ताणून पाहतो, ओल किती आहे ते चाचपतो आणि मगच तोंड उघडतो. मी जन्मभर हेच केलं. आता केंद्र थंडावलं, कापूस न्यावा कुठे हेच लोकांना कळेनासं झालं आणि माझ्यासारखे घरी बसले. पण हाताची सवय काही जात नाही. (रुखमाबाईनं बाजारातून वांगी आणली की मी अजून पिशवीच्या मधूनच वांगं काढतो. ते नेमकं किडकं निघतं आणि मला फार समाधान होतं.)

अशा माणसाकडे तुम्ही पुस्तकांचा गठ्ठा पाठवला. पाचवी ते नववी, सुतळीनं आवळून बांधलेला, प्रत्येकावर तुमच्या अक्षरात 'प्रथम', 'द्वितीय' अशा चिठ्ठ्या, आणि सगळ्यात वर पाचवीचं पुस्तक, पुठ्ठ्यात बांधलेलं, खाकी कागद घातलेलं, लग्नातल्या मांडवासारखं सजलेलं. गुरुजी, खरं सांगतो, ते पाहताक्षणी माझा संशय बळावला. इतका चांगला थर वर आहे म्हणजे आत काहीतरी आहेच. मी सुतळी सोडली, पाचवीचं पुस्तक बाजूला ठेवलं (त्याला घरात योग्य जागा मिळाली, काळजी नसावी), हात मध्ये घातला आणि सातवीचं ओढलं. तेही मधूनच उघडलं. अशा रीतीनं आमची घरची शाळा सुरू झाली.

उघडला तो धडा साध्या यंत्रांचा. तरफ, उतरण, कप्पी. मी कप्पी समजावून सांगायला घसा खाकरला, तर पोरगी खाटेवरून म्हणाली, "आबाजी, हे तं माह्या पायानं शिकलं हाये." इस्पितळात तिचा पाय कप्पीवरून वजन सोडूनच ताणला होता, हे माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. तेव्हा धडा झाला होता, प्रयोग तेवढा राहिला होता. तिनं राजदीपकडून खाटेवरच्या आढ्याला एक कप्पी बसवून घेतली, दोरीच्या टोकाला जुन्या छत्रीची काडी वाकवून आकडा केला, आणि त्या दिवसापासून घरातली कोणतीही वस्तू जमिनीवर राहीनाशी झाली. पाण्याचा गडवा वर जायचा, काकडी वर जायची, माझ्या चष्म्याचं घर वर जायचं. एकदा मी खाटेजवळ बसून डुलकी घेत होतो तर टोपी वर गेली. ती परत मिळवण्यासाठी मला तरफेची व्याख्या दोनदा म्हणून दाखवावी लागली.

त्यानंतर हात घातला तर नववी निघाली. आम्ल आणि आम्लारी. (रुखमाबाई म्हणाली, पोरीनं अजून सहावी पाहिली नाही अन् तुमी नववी काढली. मी म्हणालो, माल पाहा, नंबर पाहू नका.) त्यात होतं की हळदीला आम्लारी लागलं की ती लाल होते. उर्वशीनं वहीच्या कागदाला हळद फासून पट्ट्या केल्या आणि घरातलं सगळं तपासलं : ताक, चहा, चुना, आजीचं लोणचं, माझा खोकल्याचा काढा. इथपर्यंत ठीक. पण विजयादशमीच्या सकाळी विहारात जायला म्हणून रुखमाबाईनं पांढरं लुगडं काढलं आणि त्यावर हळदीचं बोट उमटलेलं दिसलं. तिनं साबण लावला. डाग लालभडक झाला. तिनं आणखी घासला, आणखी लाल. पोर खाटेवरून ओरडली, "आजी वो, साबन नको, लिंबू पिळ!" रुखमाबाईनं लिंबू पिळलं आणि लाल पुन्हा पिवळं झालं. मग तिनं मुद्दाम पुन्हा साबण लावला. पुन्हा लाल. पुन्हा लिंबू. लुगड्याचा तो पदर भिजून चिंब झाला, विहारात वंदना सुरू झाल्याचा आवाज येत होता, आणि तुमच्या विहीणबाई आंघोळीच्या दगडावर बसून लहान मुलीसारख्या हसत होत्या. त्या दिवशी ती निळं लुगडं नेसून विहारात गेली आणि परतायला उशीर झाला, कारण तिथल्या बायकांनाही तिनं हा प्रयोग सांगितला. गुरुजी, तुमच्या क्रमानं गेलो असतो तर ही गंमत तिच्या वाट्याला चौथ्या वर्षी आली असती.

आता जे सांगतो ते थोडं नाजूक आहे. नववीनंतर आठवी निघाली आणि त्यात पिकांवरच्या किडींचा धडा. तुम्हाला ठाऊक आहे, यंदा आमच्याकडे बोंडअळीनं काय केलं. लोक पाठीवर पंप बांधून वावरात, घरात औषधाचा वास, कोणाच्या तोंडावर हसू नाही. आणि उर्वशीनं हट्ट धरला की मला एक अळी पाहिजे. मी बांधावरून एक हिरवी, गलेलठ्ठ आणून दिली. बरणीत खाली माती, वर बोंडं, तोंडाला फडकं. ही अळी एक बोंड पुरतं खात नसे. तोंड खुपसायची, मधलं चाखायची की लगेच दुसऱ्या बोंडात. हे पाहून आपल्या नातीनं तिचं नाव 'आबाजी' ठेवलं. मी रागावलो नाही, कारण निरीक्षण बरोबर होतं.

एके सकाळी बरणीत आबाजी नव्हते. फडकं जागच्या जागी, बोंडं जागच्या जागी, अळी नाही. पोरीनं गळा काढला, "आबाजी गेले वो आजी! आबाजी गेले!" मी तेव्हा परसात होतो. रस्त्यावरून शंकरसिंग चालला होता (तांड्यावरचा, आमच्या वावराला लागून त्याचं वावर आहे). त्यानं पंप खाली ठेवला, डोक्याचा रुमाल काढला आणि आत आला. त्याच्या मागून आणखी चार माणसं आली. एक जण तर बाहेरच्या बाहेर सायकल काढून राजदीपला निरोप द्यायला निघालाही होता. मी लोटा घेऊन दारात उभा राहिलो तेव्हा शंकरसिंगनं माझ्याकडे असं पाहिलं, की मलाच क्षणभर खात्री वाटेना.

मग खरी गोष्ट बाहेर आली आणि त्याचं तोंड उतरलं. "डोमाजी, आमी वावरात फवारून राह्यलो, अन् तुमी घरात पोसून राह्यले?" तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याची पहिली बोंडं सगळी गेली होती. मी गठ्ठ्यात उरलेलं सहावीचं पुस्तक ओढलं आणि मधून उघडलं. (माणूस घाबरला की हाताला सवय असते तेच करतो.) तर गुरुजी, तिथे फुलपाखराच्या चार अवस्था! अंडी, अळी, कोष, पाखरू. पोरीनं डोळे पुसले, वाचलं, पुन्हा वाचलं आणि आजीकडे चमचा मागितला. बरणीतली माती हळूच उकरली तर आत तपकिरी, चकचकीत, बोटाच्या पेराएवढा कोष. तिनं हात लावला तर तो वळवळला. शंकरसिंगही खाली वाकला. बराच वेळ पाहून म्हणाला, "उन्हाळ्यात नांगरतो कायले ते माहीत होतं. उन्हात मरायले कोनाले वर काढतो ते आज पाह्यलं."

तुम्ही म्हणाल, सहावी आधी शिकवली असती तर पोर रडली नसती. खरं आहे. पण तशी नाचलीही नसती. पुढे कोषातून पाखरू निघालं, तेव्हा शंकरसिंगला तिनं स्वतः बोलावणं धाडलं. आम्हाला वाटलं ती आता पाखराला सोडा म्हणून हट्ट करेल. तिनं बरणी शंकरसिंगच्या हातात दिली आणि तोंड भिंतीकडे केलं. तो बरणी घेऊन बाहेर गेला, धुऊन परत आणून दिली. त्या दिवशी मी तिला काही शिकवलं नाही आणि ती कप्पीलाही हात लावायला गेली नाही.

आता परीक्षा. बाई चांगल्या आहेत. कुबडी टेकत आलेल्या पोरीला पाहून त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाल्या, घाबरू नको, आधी अगदी सोपा प्रश्न विचारते. मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो, खिडकी उघडी होती, आणि मनात म्हणत होतो, विचारा, आम्ल विचारा, कप्पी विचारा, नववीचं काय ते विचारा. बाईंनी विचारलं, "सजीवांची लक्षणं सांग."

गुरुजी, पाचवीचा पहिला धडा! सगळ्यात वरच्या पुस्तकातला सगळ्यात वरचा धडा! वर्षभरात ज्याला आम्ही बोट लावलं नाही, तेवढा एकच. पोरीनं खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. मी शाळेच्या घंटेकडे पाहिलं. मला डोळ्यांपुढे वणीची बस दिसली, तिच्या कुबड्या टपावर बांधलेल्या दिसल्या. मग आतून तिचा आवाज आला, हळूहळू. "जे खाते, वाढते, घाण करते. श्वास घेते, म्हनून फडक्याले भोकं ठेवा लागते. हात लावला तं वळवळते. अन् कधी कधी मेल्यासारखं दिसते, पन मेलं नसते, म्हनून रडायच्या आधी माती उकरून पाहाव." बाई म्हणाल्या, "पुस्तकात असं लिहिलेलं नाही बेटा. पण यातलं चूक काय ते मले सांगता येऊन नाही राह्यलं." त्यापुढे त्यांनी जे विचारलं ते तिनं धडाधड सांगितलं, आणि काही न विचारलेलंही सांगितलं. बाईंच्या टेबलावरच्या खडूवर तिनं कोणता प्रयोग केला हे मी इथे लिहीत नाही.

थोडक्यात, उर्वशी पास. सातवीत. मैत्रिणींबरोबर. तहाप्रमाणे ती आता इथेच राहणार आणि मी जिंकलो, हे मी तुम्हाला नम्रपणे, पण मोठ्या अक्षरात कळवतो. ग्रेडर काय शिकवणार, याचं उत्तर मिळालं असेल. गुडघ्यांना तेल लावत जा, वरणात मीठ एकदाच टाका, आणि इवायाचा लोभ कमी होऊ देऊ नका.

आपला,
डोमाजी
(ग्रेडर, सध्या घरी)

ता. क. : गाडीत खरा माल कुठे असतो ते वर सांगितलंच आहे. तुम्ही वरून सुरुवात करून इथवर आला असाल, तेव्हा आता खालचं ऐका. शाळेतून परतताना पोरगी माझ्या पुढे पुढे कुबडी टेकत चालली. मी पेढे घेऊ म्हणालो, नको म्हणाली. घरी येऊन खाटेवर बसली आणि मला विचारलं, "आबाजी, तुमी मले पयला धडा काहून नाई शिकवला?" मी म्हणालो, वरचा होता म्हणून. ती म्हणाली, "वरचा असला म्हनून खोटा असते काय?" मग ती म्हणाली, "मले सगळं येते, पन कशाच्या आधी काय ते येत नाई. मले वणीले जाऊ द्या. वणीचे आबाजी पयल्यापासून शिकवतात." ती रागानं बोलली नाही. विचार करून बोलली. रुखमाबाई तेव्हापासून घरात भांडी आपटते आणि मी तहात जिंकलेला माणूस बाहेरच्या ओट्यावर बसून आहे.

पुन्हा ता. क. : पोरीला नेऊ नका. हे मला पत्राच्या पहिल्या ओळीत लिहायचं होतं, जमलं नाही. कप्पी रिकामी लोंबताना मला पाहवणार नाही. त्यापेक्षा तुम्हीच इकडे या. सुटीपुरते नाही, राहायलाच या. तुमचंही घर रिकामंच आहे, हे मला ठाऊक आहे आणि तुम्हालाही. लेकीच्या घरी राहायला तुम्हाला संकोच वाटेल, तर हे घर माझं आहे आणि मी बोलावतो आहे असं समजा. सकाळी तुम्ही तिला पहिला धडा शिकवा, दुपारी मी मधला शिकवीन. आणि तुम्ही शिकवाल तेव्हा मलाही शेजारी बसू द्या. काल मी तो पहिला धडा वाचून पाहिला. चांगला आहे. आतून-बाहेरून सारखाच आहे. पण एक गोष्ट मला कळली नाही, ती विचारायला घरात दुसरं कोणी नाही.

शेवटचं ता. क. : पाचवीच्या पुस्तकाला 'योग्य जागा' मिळाली असं वर लिहिलं, ती जागा म्हणजे उर्वशीच्या खाटेच्या आखूड पायाखालची. पुठ्ठा तुम्ही फार मजबूत बांधला होता, त्यामुळे वर्षभर पोरीची खाट हलली नाही. परीक्षेच्या दिवशी ते कुठे आहे हे तिला कळलं आणि तिनं स्वतः वाकून ते ओढून काढलं, धूळ झटकली आणि उशाशी ठेवलं. तेव्हापासून खाट डगमगते. तुमच्यासाठी ठेवली आहे ती तीच खाट. म्हणून येताना एक जाडसं पुस्तक घेऊन या. इयत्ता कोणतीही चालेल.